भान राखून निजताना

दिवा मालवल्यापासून झोप लागेपर्यंतची काही मिनिटं आपल्या आठवणीत राहत नाहीत. दिवस आठवतो, कधीकधी स्वप्नही आठवतं, पण मधला हा छोटा पट्टा दोन्हीकडून निसटतो. खरं तर मन आपलं काम उघड्यावर करतं ते याच वेळी. मिटल्या डोळ्यांपुढे आधी नुसता काळोख असतो. मग त्यात ठिपके उमटतात, रेघा हलतात, रंगांचे पुंजके येतात आणि विरतात. थोड्या वेळाने कधीही न पाहिलेला एखादा चेहरा अगदी स्पष्ट दिसतो. तो जातो आणि त्याच्या जागी एक जिना येतो, घाटाच्या पायऱ्या येतात, पाणी येतं. यातलं काहीच आपण मुद्दाम आणलेलं नसतं. पुढच्या एका क्षणी आपण त्या पायऱ्या पाहत नसतो, त्यांवरून उतरत असतो. अंथरूण, खोली, भिंतीवरचं घड्याळ, सगळं मागे पडलेलं असतं.

हा क्षण रोज येतो आणि रोज आपल्या नकळत जातो. जाणीव शाबूत ठेवून तो ओलांडता येतो का? चिकाटीने प्रयत्न केलेल्यांचं उत्तर ‘येतो’ असं आहे. अशा रीतीने स्वप्नात शिरलेल्या माणसाला स्वप्न चालू असतानाच ठाऊक असतं, की हे स्वप्न आहे. जगभर याला ‘लुसिड ड्रीम’ म्हणतात. आपण सभान स्वप्न म्हणू. स्वप्नात मनसोक्त उडता येतं म्हणून अनेकांना त्याची ओढ वाटते. मला त्याचं मोल वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. त्या वाटेवर एक गोष्ट पाहायला मिळते, जी दिवसाच्या उजेडात सहसा हाती लागत नाही: एक अख्खं जग आपलंच मन कसं उभं करतं, आणि त्या जगात ‘मी’ कधी जाऊन बसतो.

रशियन विचारवंत प्योत्र उस्पेन्स्की यांनी तरुणपणी या सीमेवर पुष्कळ निरीक्षणं केली. ‘अ न्यू मॉडेल ऑफ द युनिव्हर्स’ हा त्यांचा ग्रंथ १९३१ साली इंग्रजीत आला; त्यात स्वप्नांवरच्या प्रकरणात या निरीक्षणांचा वृत्तान्त आहे. एक प्रसंग असा. झोप येत असताना त्यांना डोळ्यांपुढे सोनेरी ठिणग्या आणि बारीक तारे दिसतात. हळूहळू ते जुळून येतात आणि त्यांची तिरप्या विणीची एक सोनेरी जाळी होते. ती जाळी हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत हलत असते. हे ठोके त्यांना जाणवत असतात. पुढच्याच क्षणी त्या जाळीच्या जागी पितळी शिरस्त्राणांच्या रांगा होतात. खाली गल्लीतून रोमन सैनिक चाललेले असतात, त्यांच्या पावलांचा ठेका ऐकू येत असतो, शिरस्त्राणांवर ऊन चमकत असतं. उस्पेन्स्की हे कॉन्स्टँटिनोपलच्या गलाता भागातल्या एका उंच घराच्या खिडकीतून पाहत असतात. गल्लीच्या टोकाला जुना धक्का, गोल्डन हॉर्न या खाडीतली जहाजं, पलीकडे मिनार. मग ते खिडकीच्या कठड्यावरून अलगद सुटतात आणि पहुडलेल्या स्थितीतच गल्लीवरून, घरांवरून, पाण्यावरून तरंगत जातात. समुद्राचा वास येतो, वारा लागतो, ऊन लागतं. हे तरंगणं इतकं सुखाचं असतं, की त्यांना राहवत नाही आणि डोळे उघडतात.

या वृत्तान्ताचा एकेक टप्पा सावकाश पाहण्यासारखा आहे. आधी मिटल्या डोळ्यांतल्या ठिणग्या. त्यांना लय मिळाली ती छातीतल्या ठोक्यांची. जाळीच्या चकाकीला अर्थ हवा होता, म्हणून ती शिरस्त्राणं झाली, आणि ठोक्यांची पावलं झाली. शिरस्त्राणं आहेत म्हटल्यावर सैनिक आले, सैनिकांना चालायला गल्ली आली, गल्ली दिसायला खिडकी आली, आणि सरतेशेवटी खिडकीशी पाहणारा आला. ‘मी’ या गोष्टीत उशिरा पोचला. पोचला तोही अंथरुणातल्या शरीराची खूण घेऊनच. माणूस पलंगावर आडवा होता, म्हणून कठड्यावरही आडवाच होता आणि तरंगला तोही आडवाच. मनाने काहीही वाया घालवलं नाही. हाताशी होतं नव्हतं ते सगळं वापरून त्याने एक शहर बांधलं. बांधकाम चालू असताना एक जाणीव जागी राहिली, म्हणून आपल्याला हे कळलं.

या अवस्थेचा अभ्यास जुना आहे. झोप लागताना दिसणाऱ्या चित्रांना ‘हिप्नॅगॉजिक’ हे नाव फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड मोरी यांनी १८४८ साली दिलं. व्हिएन्नाच्या हर्बर्ट सिल्बरर यांनी १९०९ साली या चित्रांविषयी एक महत्त्वाचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. डोळ्यांवर झोप असताना ते मुद्दाम एखादा विचार करत राहत आणि विचार कुठे चित्रात बदलतो ते पाहत. आपल्या लेखातला एक ओबडधोबड परिच्छेद सुधारायचा आहे, असा विचार चालू असताना त्यांना दिसलं, की आपण एक लाकूड रंधून गुळगुळीत करतो आहोत. विचार थांबला नव्हता, त्याने फक्त भाषा सोडली होती. शब्दांची शक्ती संपते तिथे मन हाताने करण्याच्या कामात बोलू लागतं, हे सिल्बरर यांनी त्या रंध्यात पाहिलं.

यात प्रत्येकाला आपला अनुभव जोडता येईल. दिवसभर मुद्रितं तपासली, की रात्री मला डोळ्यांपुढे अक्षरं दिसत नाहीत. ओळींमधल्या पांढऱ्या जागा दिसतात आणि त्या संथपणे वर सरकत राहतात. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसाला पडल्यापडल्या रस्ता दिसतो. दिवसभर शेंगा फोडणाऱ्या बाईला शेंगाच दिसतात. हार्वर्डचे संशोधक रॉबर्ट स्टिकगोल्ड एकदा व्हरमाँटमधला एक डोंगर चढून आले आणि रात्री झोपताना त्यांना पुन्हा खडकावर चढत असल्यासारखं, हाताखाली दगड लागत असल्यासारखं वाटलं. त्यातून त्यांना एक प्रयोग सुचला, तो २००० साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तावीस जणांना त्यांनी टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा संगणकावरचा खेळ तीन दिवस खेळायला लावला. त्यांपैकी सतरा जणांनी सांगितलं, की झोप लागताना वरून पडणारे ठोकळे दिसले.

यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. या सत्तावीस जणांत पाच जण असे होते, की मेंदूला झालेल्या इजेमुळे त्यांच्यात नव्या आठवणी टिकत नव्हत्या. आपण खेळ खेळलो, हेच त्यांना दुसऱ्या दिवशी आठवत नसे. तरीही त्या पाचांपैकी तिघांना झोपेच्या काठावर ठोकळे दिसले. ते ठोकळे कुठून आले हे त्यांना सांगता येईना. म्हणजे ‘मला आठवतंय’ असं म्हणणारा मनाचा भाग गैरहजर असला, तरी मन दिवस मावळल्यावर दिवसाची आवराआवर करतच असतं. आपण मनाचे मालक आहोत असं धरून दिवसभर वावरतो. झोपेच्या काठावर कळतं, की मनाच्या घरात बरंच काम आपल्याला न विचारता चालतं, आणि ते बहुधा चोखही चालतं.

मेंदूत त्या वेळी काय होतं, याचाही थोडा उलगडा झाला आहे. डोळे मिटून शांत पडलेल्या जाग्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला आठ ते बारा आवर्तनांच्या अल्फा लहरी असतात. झोप लागू लागली की त्या विरतात आणि चार ते सात आवर्तनांच्या, अधिक संथ थीटा लहरी येतात. २०१० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारांसाठी बसवलेल्या इलेक्ट्रोडवरून एक गोष्ट नोंदवली. बाहेरच्या संवेदना पुढे पाठवणारा थॅलॅमस हा भाग आधी मंदावतो. मेंदूचं बाह्यक, म्हणजे कॉर्टेक्स, त्यानंतर काही मिनिटांनी मंदावतं. बाहेरून बातमी येणं कमी झालेलं असतं, पण बातमीचा अर्थ लावणारं केंद्र अजून कामावर असतं. चित्रं, आवाज, तोल जाऊन दचकणं, हे सगळं झोपेच्या काठावर का गर्दी करतं, याचं एक संभवनीय कारण इथे दिसतं.

हा काठ नुसता पाहण्यापुरता नाही, तो उपयोगीही आहे. पॅरिसमध्ये सेलिया लाको, देल्फिन उदियेत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. लोकांना आकड्यांचं एक कोडं दिलं; ते झटकन सोडवण्याची एक छुपी युक्ती होती. मध्ये वीस मिनिटांची विश्रांती, अंधारी खोली, आरामखुर्ची, आणि हातात एक वस्तू. डुलकी गाढ झाली की हात सैल पडून वस्तू खाली पडावी आणि माणूस जागा व्हावा, अशी योजना होती. एडिसन यांची हातात गोळे धरून डुलकी घेण्याची जी गोष्ट सांगतात, तिचीच ही प्रयोगशाळेतली आवृत्ती. जे जागेच राहिले त्यांच्यापैकी ३० टक्क्यांना युक्ती सापडली. ज्यांनी झोपेच्या पहिल्या, हलक्या अवस्थेत किमान पंधरा सेकंद घालवले, त्यांच्यापैकी ८३ टक्क्यांना. आणि जे त्याहून खोल झोपेत गेले, त्यांच्यापैकी फक्त १४ टक्क्यांना. काठावर थोडंसंच थांबणं लाभाचं ठरलं.

आता स्वप्नात जागं असणं. डच मनोविकारतज्ज्ञ आणि लेखक फ्रेडरिक व्हान एडन यांनी १९१३ साली आपल्या स्वप्नांचा अभ्यास मांडताना ‘लुसिड ड्रीम’ हा शब्दप्रयोग केला, आणि तो रुळला. पण पुढची कित्येक वर्षं शास्त्रज्ञ म्हणत राहिले, की स्वप्नात कोणी जागं नसतं. क्षणभर जाग येते आणि त्यालाच लोक स्वप्न म्हणतात. वाद सुटायला शरीराचीच मदत झाली. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅझेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं, की झोपेत ठरावीक काळाने डोळे जलद हलतात. या झोपेला ‘रेम’ म्हणतात आणि ठळक स्वप्नं प्रामुख्याने तीत पडतात. त्या वेळी हातापायांचे स्नायू जवळपास निकामी झालेले असतात, पण डोळे मोकळे असतात. मग डोळ्यांनीच निरोप का पाठवू नये? १९७५ साली इंग्लंडच्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्ली यांनी आधी ठरल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि यंत्राच्या कागदावर ती खूण उमटली. शरीर झोपेत, स्वप्न चालू, आणि आतला माणूस ठरवलेलं काम आठवून करतो आहे. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केलं. त्यांचा शोधनिबंध १९८१ साली आला.

त्यानंतरचं पाऊल २०२१ सालचं. अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या प्रयोगशाळांनी मिळून छत्तीस जणांवर प्रयोग केले. सभान स्वप्नात असलेल्या माणसाला बाहेरून प्रश्न विचारले गेले. ‘आठ वजा सहा किती?’ अशा प्रश्नाला स्वप्नातल्या माणसाने डोळ्यांच्या हालचालींनी ‘दोन’ असं उत्तर दिलं. निम्म्याहून अधिक वेळा काहीच उत्तर आलं नाही, हे खरं. पण बरोबर उत्तरं चुकीच्या उत्तरांच्या मानाने कितीतरी जास्त होती. स्वप्नातली जाणीव आता केवळ सांगोवांगी राहिलेली नाही.

ही जाणीव मिळवायच्या वाटा अनेक आहेत. चित्रं पाहत पाहत जागेपणातून थेट स्वप्नात उतरणं ही त्यांतली अवघड, पण सर्वांत शिकवणारी वाट. तिच्यासाठी वेळ महत्त्वाची असते. रात्री पहिल्यांदा डोळा लागतो तेव्हा स्वप्नांची झोप अजून सुमारे दीड तास दूर असते. मध्ये गाढ झोपेची खोल दरी आहे आणि तीत जाणीव बुडून जाते. पहाटेकडे मात्र गाढ झोप सरलेली असते आणि रेमचे टप्पे लांबत गेलेले असतात. म्हणून पाच-सहा तास झोप झाल्यावर उठावं, थोडा वेळ शांत बसावं, फोनला हात लावू नये, आणि साखरझोपेच्या वेळी पुन्हा आडवं व्हावं. उस्पेन्स्की यांनाही सकाळी जागं झाल्यावर अंथरुणातच पडून राहण्याची वेळ या निरीक्षणांना सोयीची वाटली होती.

पुढे करायचं ते थोडंसंच असतं, आणि तेच कठीण असतं. अंग सैल सोडायचं. श्वासात ढवळाढवळ करायची नाही. डोळ्यांपुढे जे येईल ते येऊ द्यायचं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल थोले यांनी १९८३ साली या पद्धती नीट मांडल्या. चित्रांच्या एखाद्या बारीक तपशिलावर नजर रोखू नका, संपूर्ण दृश्य तयार होऊ द्या, आणि मग त्यात आपणहून उडी न घेता स्वतःला ओढलं जाऊ द्या, असं त्यांच्या सांगण्याचं सार आहे. लाबर्ज यांनी जाणीव टिकवायला मनातल्या मनात मोजण्याचा उपाय सुचवला: एक, मी स्वप्नात आहे, दोन, मी स्वप्नात आहे.

प्रयत्न करणाऱ्याला दोन अडचणी हमखास येतात. चित्र सुंदर दिसलं की त्याला पकडावंसं वाटतं, आणि पकडायला गेलं की ते फुटतं. माणूस टक्क जागा होतो. उलट पकडायचं नाही म्हणून अगदीच सोडून दिलं, तर पुढचं काही आठवतच नाही. एकदम सकाळ होते. या दोहोंच्या मध्ये पतंगाला ढील देणाऱ्या हाताची समज लागते. मांजा बोटांतून सरसर जात असतो, पतंग आपल्या वाऱ्याने जातो, पण बोटाला त्याचा ताण सतत कळत असतो. ओढायचं नसतं आणि सोडून द्यायचंही नसतं. उस्पेन्स्की यांचे डोळे उघडले ते भीतीने नव्हे, आनंदाने उघडले. सुखाला घट्ट धरण्याची सवय इतकी खोल असते, की तिच्यापायी सुखच हातचं जातं. हे तत्त्व आपण प्रवचनांत पुष्कळदा ऐकलेलं असतं. पहाटे अंथरुणात ते काही सेकंदांत प्रत्यक्ष घडताना दिसतं.

या वाटेवर सावधगिरीही हवी, आणि ती मनापासून सांगावीशी वाटते. झोप ही पहिली गरज आहे. ज्याला मुळातच झोप पुरत नाही, त्याने पहाटे उठून हे प्रयोग करू नयेत. त्याने आधी पोटभर झोपावं. रेममध्ये शरीर सैल पडतं ती क्रिया जाणीव जागी असताना सुरू झाली, तर हात-पाय हलवता येत नाहीत, छातीवर दडपण वाटतं, कानांत घूं असा आवाज येतो, कधी खोलीत कोणी उभं असल्याचा भास होतो. आपल्याकडे याला छातीवर भूत बसलं असं म्हणायची रीत आहे. भूत नसतं. झोपेची एक क्रिया थोडी आगाऊ आलेली असते. काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ती आपोआप ओसरते. शांत राहून श्वासाकडे लक्ष द्यावं. मात्र दिवसा अनावर झोप येत असेल आणि त्याबरोबर असे भास वारंवार होत असतील, तर डॉक्टरांना दाखवावं. ज्यांना पूर्वी मनोविकाराचा तीव्र त्रास झाला आहे, खरं-खोटं यांतली सीमा ज्यांच्यासाठी आधीच नाजूक आहे, त्यांनी हा अभ्यास एकट्याने करू नये.

आपल्या परंपरेला ही जागा अनोळखी नाही. बृहदारण्यक उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात याज्ञवल्क्य जनकाला सांगतात, की हा लोक आणि तो लोक यांच्या संधीवर तिसरं स्थान आहे, ते स्वप्नाचं. तिथे उभं राहिलेल्याला दोन्ही लोक दिसतात. तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात. ते सगळं तो स्वतः निर्माण करतो, कारण तोच कर्ता आहे. गलाताची ती गल्ली आणि याज्ञवल्क्यांचे ते रस्ते यांच्यात अनेक शतकांचं अंतर आहे, पण पाहिलेली गोष्ट एकच आहे. पतंजलींनी समाधिपादात चित्त स्थिर करण्याचे जे उपाय सांगितले, त्यांत स्वप्न आणि निद्रा यांच्या ज्ञानाचा आधार घेणं हाही एक आहे. काश्मीरच्या शैव परंपरेतल्या विज्ञानभैरवात तर नेमका हाच क्षण धारणेसाठी दिला आहे: बाहेरचे विषय मावळले आहेत आणि झोप अजून आलेली नाही. तिबेटी बौद्धांमध्ये नारोपांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सहा योगांत स्वप्नयोगही आहे. या साऱ्यांचा हेतू स्वप्नात मौज करण्याचा नव्हता. स्वप्न हे मनाने रचलेलं आहे असं स्वप्नातच ओळखता आलं, तर रचणाऱ्याकडे वळता येईल, अशी त्यांची धारणा होती.

आपल्यासारख्या घरसंसारातल्या माणसांना यातून काय घ्यायचं? मला वाटतं, उपयोग आहे तो दिवसाचा. एखाद्याला निरोप पाठवलेला असतो, फोनवर निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. घडलेलं एवढंच, एक ठिणगी. पण मनाला तिला लय द्यायची असते, अर्थ द्यायचा असतो. हा माणूस हल्ली असाच वागतो. मागच्या लग्नातही नीट बोलला नव्हता. त्याच्या मनात काहीतरी आहे. बघता बघता शिरस्त्राणं चमकू लागतात, पावलं वाजू लागतात, आणि मी एका खिडकीशी दुखावलेला उभा असतो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते, कोणी हाक मारतं, मला ऐकू येत नाही. मी तिथे नसतोच, मनाने बांधलेल्या गावात भांडत असतो. थोड्या वेळाने उत्तर येतं, की आईला दवाखान्यात नेलं होतं. ते गाव एका क्षणात नाहीसं होतं. पण तेवढ्या वेळातला राग मात्र खरा होता. तो घरातल्या कोणावर तरी निघालेलाही असतो.

जगाला स्वप्न म्हणून झटकून टाका, असं मी म्हणत नाही. दवाखान्यातली आई खरी आहे, तिच्यासाठी केलेली धावपळ खरी आहे. पण त्या खऱ्या गोष्टीपर्यंत पोचायच्या आधी आपण मध्येच एक गाव वसवतो आणि त्यात राहायला जातो. ते गाव वसत असतानाच ओळखता आलं, तर माणसांशी वागणं बदलतं. आणि ओळखण्याचा सराव करायला झोपेच्या काठाइतकी निर्धोक जागा दुसरी नाही. तिथे कोणाशी भांडण नसतं, काही सिद्ध करायचं नसतं, हरण्यासारखं काही नसतं. ठिणगीची जाळी, जाळीचा रस्ता, रस्त्यावर मी, हा सगळा प्रवास तिथे संथपणे, वेगळा वेगळा दिसतो. दिवसा तो इतका भरकन होतो, की पहिली पायरी आपल्याला दिसतच नाही.

म्हणून आज रात्री निजताना, किंवा पहाटे मध्येच जाग आली तर, एवढंच करावं. फोन दूर ठेवावा, डोळे मिटावेत, आणि काळोखात जे उमटेल ते पसंत-नापसंत न करता पाहावं. चेहरा आला तर चेहरा, रेघ आली तर रेघ. काही आलंच नाही तर काळोख. ओढून काही आणू नये, आलेलं धरू नये, आणि जमेल तितका वेळ पाहणाऱ्याला जागं ठेवावं. मध्येच झोप लागली तर ती झोप चांगलीच असते. तिच्याबद्दल खंत करू नये. या अभ्यासातून एखाद्या पहाटे सभान स्वप्न पडलं, तर तो मोठा आनंद आहे आणि तो अवश्य घ्यावा. नाही पडलं, तरी उद्या दुपारी कोणाच्या एका शब्दाने मनात काही बांधलं जाऊ लागेल तेव्हा हीच नजर वापरून पाहावी. तिची खरी गरज तिथेच आहे.